पावनखिंड

पावनखिंड : कोल्हापूर जिल्ह्याच्या शाहूवाडी तालुक्यातील ऐतिहासिक रणभूमी. मूळ नाव घोडखिंड. सिद्दी जौहरने मार्च १६६० पासून पन्हाळ्याला घातलेल्या वेढ्यातून शिवाजी महाराज आषाढी पौर्णिमेच्या रात्री भर पावसात विशाळगडाकडे निसटले. पाठलागावर आलेल्या सिद्दी मसऊदच्या फौजेला बाजीप्रभू देशपांडे व बांदल मावळ्यांनी १३ जुलै रोजी या खिंडीत अडवून धरले. महाराज गडावर सुखरूप पोहोचले. बाजीप्रभू धारातीर्थी पडले. बाजी व फुलाजी या बंधूंच्या समाध्या विशाळगडावर आहेत.

या लढाईच्या स्मरणार्थ दर जुलैत पन्हाळा–पावनखिंड पदभ्रमण मोहिमा निघतात. मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, आंबेवाडी, पांढरपाणी अशी ही वाट बहुधा दोन दिवसांत चालतात. महाराज निसटले तो पाऊस अनुभवावा म्हणूनच लोक या दिवसांत येतात, आणि येथला मोठा धोकाही तोच पाऊस आहे. उघड्या मसाई पठारावर धुके उतरले की पुढचा माणूस दिसत नाही. अशा वेळी गावचा वाटाड्या बरोबर हवाच. विजा कडाडू लागल्या तर पठार सोडून खाली उतरावे, एकट्या झाडाखाली थांबू नये. फुगलेला ओढा दोराच्या भरवशावर ओलांडण्यापेक्षा पाणी ओसरेपर्यंत थांबलेले बरे. पुढच्या मुक्कामी उशिरा पोहोचले तरी काही बिघडत नाही.

मुक्काम गावातच करावा. शाळेची पडवी किंवा ओळखीच्या घराची ओसरी तंबूपेक्षा केव्हाही सुरक्षित. तंबू ठोकायचाच तर ओढ्यापासून दूर, उंचवट्यावर आणि जागेच्या मालकाला विचारून ठोकावा. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखावा. भिजल्या सुती कपड्यांत रात्र काढणाऱ्याला हुडहुडी भरते आणि अंगातली ऊब झपाट्याने जाते. पायाला जळू चिकटली तर ओढून काढू नये. तोंडाच्या बाजूने नख सरकवले की ती सुटते. जखमेतून बराच वेळ रक्त वाहते, पण घाबरण्याचे कारण नाही. जखमी पायांनी भातखाचरातून चालल्यास मात्र लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या आजाराची) भीती असते. नंतर ताप आल्यास डॉक्टरांना या प्रवासाची माहिती द्यावी.

झुडपांच्या फांदीवर चापडा हा हिरवा विषारी साप बसलेला असतो आणि पानांत चटकन दिसत नाही. आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती नीट पाहावी. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर आपल्याकडे मिळणारे प्रतिविष चापड्याच्या विषासाठी बनवलेले नाही. दंश कोणत्याही सापाचा असो, जखम कापू वा चोखू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला लगेच रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. डोंगरात मोबाइलला सगळीकडे रेंज मिळत नाही, म्हणून कोणत्या वाटेने आणि कधीपर्यंत पोहोचणार हे मागच्या गावात सांगून निघावे.

खिंडीत उतरण्यासाठी लोखंडी शिडी आहे. पावसाळ्यात खिंडीतूनच पाणी वाहते आणि कातळ शेवाळलेला असतो. शिडीवर एका वेळी थोडेच लोक सोडावेत. पाण्याला जोर असेल तर वरूनच दर्शन घ्यावे. जयघोषाच्या भरात अरुंद जागी रेटारेटी होऊ न देणे ही मोहिमेच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. लहान मुले व वृद्धांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. पांढरपाणीमार्गे खिंडीजवळ वाहनानेही जाता येते.