तांबड्या शाईतले हसू : जान्नी रोदारी

व्याकरण हा शब्द कानी पडताच आपल्यापैकी कित्येकांना अजूनही गुरुजींची छडी आणि तांबड्या शाईने माखलेली वही आठवते. या भयाचे हास्यात रूपांतर करण्याचे काम ज्या थोड्या बालसाहित्यिकांनी निष्ठेने केले, त्यांत इटलीचे जान्नी रोदारी यांचे नाव आम्ही अग्रक्रमाने घेऊ. १९७० साली त्यांना हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला. बालसाहित्याच्या क्षेत्रात याहून मोठा सन्मान नाही.

रोदारींचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी उत्तर इटलीतील ओर्ता सरोवराकाठी ओमेन्या गावी झाला. वडील पाव भाजण्याचा व्यवसाय करीत. जान्नी लहान असतानाच ते न्यूमोनियाने निवर्तले आणि आई मुलांना घेऊन गावीराते येथे राहावयास गेली. १९३१ साली सेवेझो येथील सेमिनरीत जान्नीचे नाव दाखल झाले. धर्मगुरू होण्याची ती वाट अर्ध्यावरच सुटली. पुढे कॅथॉलिक अ‍ॅक्शन या संघटनेत त्यांनी काही काळ काम केले आणि १९३७ साली, अवघ्या सतराव्या वर्षी, शिक्षकाची सनद मिळवून ते प्राथमिक शाळेत शिकवू लागले. आपण शिक्षक म्हणून बेताचेच होतो, पण मुले आपल्या वर्गात कंटाळली नसावीत, असे ते पुढे सांगत.

महायुद्धाने त्यांचे आयुष्य निराळ्या दिशेला नेले. १९४४ साली ते कम्युनिस्ट पक्षात गेले, १९४७ पासून पक्षाच्या दैनिकात लिहू लागले. तेथेच मुलांसाठीचे सदर त्यांच्याकडे आले आणि बालकवी जन्मास आला. १९५० साली त्यांनी मुलांच्या साप्ताहिकाचे संपादन हाती घेतले. कम्युनिस्टांविषयीचा पवित्र धर्मपीठाचा आदेश १९४९ सालचा. तेव्हा या साप्ताहिकाला अनेक धर्मग्रामांतून कडवा विरोध झाला, यात नवल नाही. हा इतिहास झाकण्याचे कारण नाही. त्यांचे राजकारण आपणांस मान्य असो वा नसो, मुलांच्या भाषेविषयी त्यांनी जे सांगितले ते आपणही ऐकावे असे आहे.

१९६२ साली ‘दूरध्वनीवरील गोष्टी’ हा त्यांचा प्रसिद्ध संग्रह निघाला. त्यातील एका कथेत असा देश आहे, की जेथे नामाआधी ‘स’ हे अक्षर लागते. इटालियन भाषेत हा उपसर्ग बहुधा अर्थ उलटवितो. त्यामुळे तेथील चाकूने पेन्सिल झिजत नाही, उलट वाढते. आणि तोफेला तो उपसर्ग लागला की ती तोफ युद्ध करण्याऐवजी झालेले युद्ध मोडून टाकते! उपसर्गाचे कार्य समजाविण्यास याहून रसाळ पाठ कोणता असेल? मूल हसते, नियम शिकते आणि शांतीचा विचारही सोबत घेऊन जाते.

१९६४ साली आलेल्या ‘चुकांचे पुस्तक’ या ग्रंथाला ब्रूनो मुनारी या चित्रकाराची चित्रे लाभली. त्यात प्रोफेसर ग्रामातिकुस नावाचे एक व्याकरणपंडित भेटतात. एकदा आगगाडीच्या डब्यात दक्षिणेकडील मजूर त्यांचे सहप्रवासी असतात. पोटासाठी परदेशी गेलेली ही माणसे ‘गेलो’ म्हणताना चुकीचे सहायक क्रियापद योजतात. पंडितजी संतापून त्यांना सुधारतात. तेव्हा एक वृद्ध मजूर नम्रपणे सांगतो, की ‘जाणे’ हे क्रियापद मोठे दुःखाचे आहे. लेकरे मागे सोडून परक्याच्या दारी कामाला जावे लागते. पंडितजी वरमतात. आपण क्रियापदांतील चुका हुडकीत बसलो, मोठ्या चुका तर जगाच्या व्यवहारात आहेत, हे त्यांना उमगते.

आमच्या मते रोदारींच्या साहित्याचे मर्म या कथेत आहे. ते व्याकरण टाकून द्या म्हणत नाहीत. चुकणाऱ्या माणसाला कमी लेखू नका, असे सांगतात. त्याच काळात फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या डोंगराळ धर्मग्रामात फादर लोरेन्झो मिलानी शेतकऱ्यांच्या नापास झालेल्या मुलांना शिकवीत होते. त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून लिहिलेले ‘एका शिक्षिकेस पत्र’ १९६७ साली प्रसिद्ध झाले. गरिबाला शब्द मिळाल्यावाचून समता येत नाही, ही फादर मिलानींची शिकवण. एक धर्मगुरू, दुसरा सेमिनरी सोडून गेलेला कम्युनिस्ट. वाटा वेगळ्या, परंतु शब्दावर हक्क सर्वांचा, या ठिकाणी दोघेही एकत्र येतात.

मार्च १९७२ मध्ये रेज्जो एमिलिया शहरातील शिक्षकांसमोर रोदारींनी कथा रचण्याच्या युक्त्या मांडल्या. त्यांतून १९७३ साली ‘कल्पनेचे व्याकरण’ हा ग्रंथ सिद्ध झाला. ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ असे परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द मुलापुढे ठेवा, मध्ये एखादे विभक्तीचे रूप घाला, गोष्ट आपोआप सुरू होते. कपाटातला कुत्रा, कपाटाचा कुत्रा, कपाटासह कुत्रा: प्रत्यय बदलला की कथा बदलते. व्याकरण येथे पहारेकरी राहत नाही, खेळगडी होते.

१४ एप्रिल १९८० रोजी रोममध्ये रोदारींचे निधन झाले. घरची बोली बोलत शाळेत येणारे आणि ‘अशुद्ध’ म्हणून गप्प बसविले जाणारे मूल आपल्याही अंगणात आहे. त्याची चूक अवश्य सुधारावी. पण त्याआधी ते काय सांगू पाहत आहे, तेवढे ऐकून घ्यावे.