मुंबई महानगरपालिका भवन

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर, दादाभाई नौरोजी मार्ग आणि महापालिका मार्ग यांच्या बेचक्यात उभी असलेली ही दगडी वास्तू बृहन्मुंबई महानगरपालिकेचे मुख्यालय आहे. पालिकेचा कारभार आधी गिरगावातील साध्या घरातून आणि 1870 पासून एस्प्लनेडवरच्या इमारतीतून चाले. नव्या भवनाची पायाभरणी व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते डिसेंबर 1884 मध्ये झाली. स्थानिक स्वराज्याचे पुरस्कर्ते म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिपन यांच्या हातून हे व्हावे, हे समर्पकच होते. प्रत्यक्ष बांधकामाला मात्र 1889 उजाडले.

दरम्यान आराखड्यावरून चुरस झाली. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी इंडो-सारासेनिक, म्हणजे हिंदुस्थानी-इस्लामी वळणाची, शैली सुचवली, तर फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी गॉथिक. 1888 मध्ये स्टीव्हन्स यांची निवड झाली. समोरचे रेल्वेस्थानकही त्यांचेच. पण ते आडवे पसरलेले आहे, तर इथे जागाच त्रिकोणी आणि अरुंद. म्हणून स्टीव्हन्स यांनी इमारतीचे दोन पंख दोन रस्त्यांच्या कडेने नेले आणि टोकाशी 255 फुटांचा मनोरा चढवला. कमानी व्हेनिसच्या गॉथिक धाटणीच्या आहेत, घुमट मात्र हिंदुस्थानी वळणाचे. निवड गॉथिकची झाली खरी, पण चिझम यांची बाजू पुरती हरली नाही, असे घुमटांकडे पाहताना वाटते. दर्शनी भागावरची पंखधारी मूर्ती ‘उर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे हिंदुस्थानातील पहिले शहर, या बिरुदाचे प्रतीक आहे. काम 1893 मध्ये पुरे झाले. खर्च 11,88,082 रुपये आला, तोही मंजूर रकमेच्या आत! सरकारी बांधकामाबाबत असे क्वचितच लिहायला मिळते.

अशी वास्तू कोणाची, हे सत्ता कोणाकडे यावरून ठरते. फ्रान्समध्ये नगरभवन हे महापौराचे अधिकारस्थान. मुंबईत सत्तेची विभागणी वेगळी. कार्यकारी अधिकार सरकारनियुक्त आयुक्ताकडे, चर्चा आणि मंजुरी लोकप्रतिनिधींकडे. 1888 च्या कायद्याने पक्की झालेली ही रचना आजही कायम आहे. पालिका सभेच्या प्रमुखाला ‘अध्यक्ष’ऐवजी ‘महापौर’ म्हणू लागले तेही 1931 मध्ये. तरीही वास्तूची खरी शान प्रतिनिधींच्या वाट्याला गेली. सुमारे 65 फूट लांब, 32 फूट रुंद आणि 38 फुटांहून उंच सभागृह हा भवनाचा सर्वांत देखणा भाग. 2000 मध्ये त्याला आग लागली. नंतर ते मूळ रूपाला धरून दुरुस्त करण्यात आले. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर काही वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती होता.

मुंबई पालिकेच्या कायद्याला आकार देणाऱ्या फिरोजशहा मेहता यांचा पुतळा 1923 पासून भवनासमोर आहे. 2021 पासून शनिवार-रविवारी पर्यटकांना मार्गदर्शकासह आत फिरता येते.