संमोहनवाला बोलवायचा तर

दिवाळीच्या कार्यक्रमात यंदा काहीतरी "वेगळं" हवं अशी आमच्या इथल्या मराठी मंडळात टूम निघाली. दरवर्षी तीच गाणी, तीच नाट्यछटा, तेच श्रीखंड (श्रीखंडाबद्दल माझी काही तक्रार नाही). कुणीतरी सुचवलं, स्टेज हिप्नॉटिस्ट बोलावू. इंग्लंडात वाढदिवसांना, ऑफिसच्या ख्रिसमस पार्ट्यांना ही मंडळी येतात. हॉलचं बुकिंग माझ्याकडे, म्हणून चौकशीही माझ्याकडे आली. हॉलच्या मॅनेजरबाईंनी फोनवर आधी मानधन किंवा माईकचं काही न विचारता एवढंच विचारलं, "कार्यक्रम फक्त सभासदांचा, की तिकीट काढून कुणीही येणार?" मी म्हटलं, दारावर तिकिटं ठेवू. "मग कौन्सिलची परवानगी काढा. १९५२ चा कायदा आहे."

ढोल-ताशाला परवानगी लागते हे समजू शकतो. पण माणसाला झोपवायला? बरं, या देशात संमोहनावर उपचार करणाऱ्याला वेगळा परवाना लागत नाही. दवाखान्यात मोकळीक आणि रंगमंचावर कायदा, हा उलटा हिशेब कुठून आला ते शोधायला बसलो आणि दोन रविवार त्यात गेले.

तसं पाहिलं तर या शास्त्राचा जन्मच तमाशातला. १८४१ च्या नोव्हेंबरात लाफॉन्तेन नावाचा युरोपातून आलेला एक मेस्मेरिझमवाला मँचेस्टरमध्ये खेळ करत होता. जेम्स ब्रेड नावाचा सर्जन त्याचं पितळ उघडं पाडायच्या इराद्याने तिथे गेला. लबाडी असणार अशी त्याची खात्री होती. पण झोपवलेल्या माणसाच्या पापण्या खरोखरच उघडत नाहीत हे पाहून तो चक्रावला. घरी येऊन त्याने स्वतः प्रयोग केले, चुंबकशक्ती वगैरे भानगड निकालात काढली आणि १८४३ मध्ये पुस्तक लिहिलं. 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ झाला तो त्याच्यामुळे.

आणि आपल्याकडे? ब्रेडचं पुस्तक येऊन दोन वर्षं होतात न होतात तोच बंगालमध्ये, हुगळीला, जेम्स एस्डेल नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर मेस्मेरिझमने गुंगी आणून शस्त्रक्रिया करत होता. साल १८४५. क्लोरोफॉर्म यायचं होतं. पुढच्या वर्षी सरकारने त्याला कलकत्त्यात यासाठी स्वतंत्र रुग्णालयही काढून दिलं. मग ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि हे सगळं मागे पडलं. डॉक्टरांनी टाकलेलं खेळवाल्यांनी सोडलं नाही. आमच्या लहानपणी गणपतीत येणारा जादूगार पोराला "झोपवून" दोन खुर्च्यांवर फळीसारखा आडवा ठेवायचा, ते याच परंपरेतलं. असो.

कायद्याची गोष्ट सुरू होते ब्रायटनमध्ये. १९४८ साली तिथल्या हिपोड्रोम थिएटरात राल्फ स्लेटर या अमेरिकन हिप्नॉटिस्टचा खेळ होता. प्रेक्षकांतली एक तरुणी स्टेजवर गेली. खेळ संपला, ती घरी आली, पण तिच्या म्हणण्याप्रमाणे ती पूर्वीसारखी राहिली नाही. नैराश्य जाईना. तिने स्लेटरवर दावा लावला. १९५२ मध्ये लुईस या गावी भरलेल्या न्यायालयात तो चालला आणि तिला हजार पौंडांच्या वर भरपाई मंजूर झाली. त्या काळी ही मोठी रक्कम. वर्तमानपत्रांनी प्रकरण उचलून धरलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिप्नॉटिझम अ‍ॅक्ट मंजूर झाला.

कायदा जेमतेम दोन पानांचा आहे, पण वाचायला मजा येते. संमोहन खरं की खोटं या वादात तो पडतच नाही. दुसऱ्याची सूचना मनावर जास्त ठसेल अशी झोप किंवा तंद्री आणणारी, किंवा आणण्याचा हेतू असलेली कुठलीही क्रिया म्हणजे संमोहन. हेतू असला तरी पुरे! म्हणजे खेळ फसला तरी कायदा लागू. स्वतःच स्वतःला झोपवलंत तर मात्र सूट. (रविवारी दुपारी जेवणानंतर मी हे विनापरवाना करतो.) संशोधन आणि रोगोपचार यांनाही सूट. उल्लंघनाला तेव्हा ५० पौंडांपर्यंत दंड होता. २१ वर्षांखालच्यांवर प्रयोग करायला बंदी होती, ती मर्यादा पुढे १८ झाली. उत्तर आयर्लंडला कायदा लागू नाही.

बीबीसीने तर सहा वर्षं आधीच धसका घेतला होता. १९४६ मध्ये पीटर कॅसन या हिप्नॉटिस्टची टीव्हीवरची चाचणी त्यांनी आतल्या आत, आपल्याच कर्मचाऱ्यांवर घेतली. काही जण पडद्याकडे बघता बघता झोपले, आणि संमोहन प्रसारित करायचं नाही असं ठरलं. आजही ब्रिटिश टीव्हीवर हिप्नॉटिस्टला थेट कॅमेऱ्याकडे बघून प्रयोग करता येत नाही, त्याचं संपूर्ण निवेदनही ऐकवता येत नाही.

नव्वदच्या दशकात पॉल मॅकेनाने टीव्हीवर संमोहनाला पुन्हा चलती आणली. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, लँकेशायरमधल्या एका खेळात एका तरुणीला तंद्रीतून जागं करताना हिप्नॉटिस्टने सांगितलं, "खुर्चीतून दहा हजार व्होल्टचा झटका बसतोय." ती रात्री घरी गेली आणि झोपेतच वारली. चौकशीत मृत्यू नैसर्गिक ठरला. तिच्या आईला ते पटलं नाही, तिने मोहीम उघडली, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, तज्ज्ञांची समिती बसली. १९९५ मध्ये समितीने सांगितलं की गंभीर धोक्याचा पुरावा नाही. मी इंजिनियर माणूस, व्होल्टेज शब्दांतून वाहत नाही हे मलाही कळतं. पण त्या आईच्या जागी मी असतो तर समितीचा अहवाल वाचून गप्प बसलो नसतो.

समितीनंतर गृहखात्याने कौन्सिलांसाठी अटींचा नमुना नव्याने काढला. हा कागद मला सगळ्यात आवडला, कारण तो लिहिणाऱ्याने एकेका वाक्यामागे एकेक अपघात डोळ्यांसमोर ठेवला असावा. स्टेजच्या कडेपासून सुरक्षित अंतरावर पांढरी किंवा पिवळी सलग रेघ आखा. कुणालाही भरीला घालून वर आणू नका. अपायकारक काही खायला देऊ नका, त्वचेला टोचू नका. दोन आधारांवर माणूस आडवा ठेवू नका (गेला आमचा गणपतीतला जादूगार!). माणसाला मनाने बालपणात मागे नेऊ नका. स्टेज सोडण्याआधी प्रत्येकाच्या मनातली प्रत्येक सूचना काढून टाका, आणि खेळानंतर अर्धा तास हिप्नॉटिस्टने तिथेच थांबावं. विमा हवाच.

बालपणाची अट वरवर विचित्र वाटते. २००१ मध्ये एका बाईंनी हिप्नॉटिस्टविरुद्ध दावा जिंकला तो याच कारणावरून. स्टेजवर त्यांना लहानपणात नेलं, आणि तिथे त्यांच्यावर झालेल्या अत्याचाराची आठवण दबा धरून बसलेली होती. लोक हसत होते. त्यांना पुढे दीर्घकाळ नैराश्य भोगावं लागलं. याउलट १९९८ मध्ये मॅकेनावरचा दावा फेटाळला गेला. तिथे खेळानंतर थोड्याच दिवसांत एका प्रेक्षकाला स्किझोफ्रेनिया झाला होता, पण संमोहनाशी त्याचा संबंध न्यायाधीशांना पटला नाही. दोन्ही निकाल मला योग्य वाटतात.

आता मॅनेजरबाईंच्या त्या प्रश्नाकडे. कायदा फक्त लोकांना खुल्या असलेल्या करमणुकीला लागतो, मग ती फुकट का असेना. खासगी पार्टीला परवानगी लागत नाही. इथे मला या कायद्याची शिवण उसवलेली दिसते. थिएटरात अनोळखी गर्दीत बसलेला माणूस "मी नाही येत" म्हणून खुर्चीला चिकटून राहू शकतो. ऑफिसच्या पार्टीत साहेब टाळ्या वाजवत "अरे, जा ना वर" म्हणतो तेव्हा नुकता नोकरीला लागलेला पोरगा काय करणार? भरीला घालू नका ही अट तिथेच सगळ्यात जास्त हवी, आणि नेमकी तिथेच ती घालायला कौन्सिल नाही. हिप्नॉटिस्ट जबाबदार असेल तर आपण होऊन पाळतो. बोलावणाऱ्याने एवढं तरी करावं, की साहेबाला दुसऱ्या टोकाच्या टेबलावर बसवावं.