दसरा चौकातली ईद : मुस्लिम बोर्डिंगची वाटचाल

15 नोव्हेंबर 1906 या दिवशी कोल्हापुरात ‘किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली. हिजरी सनाचा हिशोब मांडला तर ते रमजानचे शेवटचे दिवस येतात. ईद दोन-चार दिवसांवर आलेली. संस्थेच्या इतिहासात या योगायोगाची कोणी दखल घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही, आणि संस्था काढणाऱ्यांच्या मनात तो असेल असंही वाटत नाही. त्यांच्यापुढे प्रश्न रोकडा होता : मुसलमानांची पोरं शाळेत येत नाहीत, आली तर टिकत नाहीत. ईदच्या शुभेच्छांशी या संस्थेचं नाव जोडलं गेलं ते पुढे. शिकण्यासाठी घेतलेल्या जागेत सणही मावला, एवढंच.

कोल्हापूरकर तिला तिच्या लांबलचक नावाने कधी ओळखत नाहीत. रिक्षावाल्याला ‘मुस्लिम बोर्डिंग’ म्हटलं की पुरतं.

राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 च्या हुकमाने संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. त्यात मुसलमानही येत होते. पण जागा राखल्या तरी तिथे बसायला शिकलेला माणूस हवा. खेड्यातलं पोर कोल्हापुरात शिकायला यायचं तर राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे, इथूनच अडायचं. म्हणून हुकमाच्या आधीच, 1901 मध्ये, व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. त्याच वर्षी जैनांचं, 1907 ला लिंगायतांचं, 1908 ला अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुसलमान पुढाऱ्यांकडून सुरुवातीला हालचाल होईना, तेव्हा महाराजांनी दहा मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगातच ठेवून घेतलं आणि त्यांच्या शिक्षणाची सोय लावून दिली. मग समाजातली जाणती माणसं बोलावून संस्था काढायला लावली आणि अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. हिंदू राजा मोहमेडन सोसायटीचा अध्यक्ष! दसरा चौकात मोक्याची जागा दिली, इमारतीला पैसा दिला, काही दर्ग्यांचं उत्पन्न संस्थेकडे वळवलं. दर्ग्याच्या उत्पन्नातून पोरांचं जेवण चालवायचं, ही कल्पना आजही कुठल्या देवस्थान समितीपुढे ठेवून पाहावी. कुराण मराठीत यावं म्हणूनही महाराजांनी खर्च केला. कोल्हापूरच्या मुसलमानाची बोली दखनी असली तरी शाळा मराठीच असणार, हे त्यांनी ओळखलं होतं.

जातवार, धर्मवार बोर्डिंगं काढल्याने भिंती पक्क्या झाल्या, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तो पोकळ नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हायला त्यांनी नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं बोर्डिंग काढलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचंच नाव दिलं गेलं. म्हणजे वेगळ्या चुलींचा अनुभव घेतलेल्या माणसाने एक चूल मांडली, आणि नाव वेगळ्या चुली मांडणाऱ्याचं दिलं. यात मला विसंगती दिसत नाही. 1906 मध्ये सामायिक चूल मांडली असती तर तिच्याभोवती बसायला किती पोरं आली असती?

कोल्हापूरच्या बोर्डिंगांबाबत एक गोष्ट मात्र नीट पाहायला हवी. भिंती वेगळ्या असल्या तरी त्या शहराच्या चार टोकांना नाहीत. दसरा चौकात उभं राहिलं की मध्ये शाहू महाराजांचा पुतळा, एका अंगाला मुस्लिम बोर्डिंग, आणि दगड फेकावा इतक्या अंतरात जैनांचं, लिंगायतांचं बोर्डिंग. एका समाजाचं पोर दुसऱ्याच्या दारावरूनच शाळेत जाणार. ही रचना कोणी कितपत ठरवून केली कोण जाणे, पण तिचा परिणाम शंभर वर्षं टिकला.

याच चौकात विजयादशमीच्या संध्याकाळी शाही दसरा होतो. शमीपूजन झालं की आपट्याच्या पानांवर झुंबड उडते, आणि मग ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा’ म्हणत माणसं एकमेकांना भेटत सुटतात. रमजान ईदच्या सकाळी तिथूनच हाकेच्या अंतरावर, बोर्डिंगच्या पटांगणात सामुदायिक नमाज होते. रांगा लागतात, खुत्बा होतो, दुआ होते, आणि रांगा मोडल्या की गळाभेटी सुरू. ‘ईद मुबारक’च्या पाठोपाठ ‘काय भावा, कसं काय?’ हे ओघाने आलंच. नमाज संपायच्या बेताला बाहेरची मंडळी आत येऊ लागतात : लोकप्रतिनिधी, पोलीस अधिकारी, तालमींची माणसं, शेजारचे दुकानदार, जुने वर्गमित्र. छत्रपती घराण्यातून कोणी येतं तेव्हा त्याला नुसती राजकीय हजेरी म्हणता येत नाही. पूर्वजांनी अध्यक्षपद घेतलेल्या संस्थेत ते आलेले असतात.

राजकीय हजेरी असतेच, नाही असं नाही. निवडणुकीच्या वर्षी गळाभेटींची संख्या वाढते आणि फोटोवाल्यांचीही. इफ्तार पार्ट्यांना तर आपल्याकडे एव्हाना हंगामी पिकाची कळा आली आहे. पण पुढारी येतात ते लोक जमतात म्हणून, आणि लोक जमतात ते जागा आहे म्हणून. शुभेच्छा देण्यासाठी दुसऱ्याच्या मोहल्ल्यात, घरात शिरायला माणूस बिचकतो. शाळेच्या पटांगणात शिरायला कोणी बिचकत नाही. संस्थेने सणासाठी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याचा ठराव कुठल्याही बैठकीत झालेला नसावा.

ईद-उल-फित्रचा स्वभावही याला साथ देतो. महिनाभराचे रोजे संपवायचा हा सण. नमाजेआधी फितरा काढायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही त्या दिवशी चूल पेटावी इतकं धान्य किंवा पैसे द्यायचे, हा दंडक. आणि सणाचं पक्वान्न शिरखुर्मा. दूध, शेवया, खारीक, खोबरं, चारोळी, बदाम, बेदाणे. सोमवार असो, गुरुवार असो, माळकरी असो, जैन शेजारी असो, वाटीला नाही म्हणायला जागाच राहत नाही. बकरी ईदला हे जमत नाही. तिथे शुभेच्छा दिल्या जातात, ताट मात्र निवडून वाढावं लागतं.

आमच्या बारामतीजवळच्या माळेगाव बुद्रुकसारख्या नीरा डाव्या कालव्यावरच्या गावात असलं बोर्डिंग नाही आणि असला चौकही नाही. साखरपट्ट्यातल्या या गावांत बागवान, आतार, तांबोळी, मुलाणी ही घरं गावगाड्याचाच भाग. मुलाणी तर बलुतेदारांत मोजलेला. इथे ईद चालत जाते. पोरं डबे घेऊन दारोदार फिरतात, ‘चाची, आईनं पण बोलवलंय’ असा निरोप उलटा येतो, आणि दिवाळीला तोच डबा चिवडा-करंज्या घेऊन परततो. हे छानच आहे. पण त्याची मदार ओळखीवर आहे. बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आलेलं बाहेरगावचं कुटुंब या डब्यांच्या हिशोबात धरलेलं नसतं. ओळख नसलेल्यालाही सामावून घ्यायचं तर संस्था लागते, असं मला कोल्हापूरकडे पाहून वाटतं.

बोर्डिंगच्या वाटचालीत शाहू महाराजांनंतरचा मोठा काळ सणावारांचा नाही, शाळेचा आहे. महाराजांचं 6 मे 1922 रोजी मुंबईत निधन झालं. तेव्हाही रमजान सुरू होता, पहिलाच पंधरवडा. संस्थान विलीन झालं, राजाश्रय संपला, आणि देणग्या, फी, अनुदान या नेहमीच्या खडतर रस्त्याने संस्था चालत राहिली. दसरा चौकातलं तिचं नेहरू हायस्कूल शहरातल्या कित्येक पिढ्यांनी पाहिलं. ईदगाह म्हणून गाजणारं पटांगण एरवी पोरांच्या प्रार्थनेचं आणि खेळाचं असतं.

सणांच्या तारखांचं एक गणित इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. हिजरी वर्ष सुमारे 354 दिवसांचं, त्याला अधिक महिना नाही. म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरते आणि सगळे ऋतू फिरून येते. पण महिना दोन्हीकडे चंद्राचाच. चंद्रकोर दिसली की ईद, म्हणजे ती आपल्या शुद्ध द्वितीया-तृतीयेच्या आसपासच पडणार. त्यामुळे 2022 ला 3 मे आणि 2023 ला 22 एप्रिल, अशी लागोपाठ दोन वर्षं ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली. अक्षय तृतीया म्हणजे बसव जयंती. लिंगायत बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग, दोन्हीकडे एकाच सकाळी गडबड! 2025 ला 30 मार्चला गुढ्या उभारल्या आणि 31 ला ईद झाली. बकरी ईद महिन्याच्या दहाव्या चंद्राची, म्हणून ती 2022 आणि 2023 ला आषाढी एकादशीवर येऊन बसली. 29 जून 2023 च्या त्या एकादशीला अनेक गावांतल्या मुसलमानांनी कुर्बानी पुढे ढकलली. आणि याच गणिताने रमजान ईद दसऱ्याला कधीच येत नाही. दसरा चौकाला दोन्ही सण वेगवेगळ्या दिवशीच पार पाडावे लागतात.

शुभेच्छांची खरी परीक्षा गेल्या काही वर्षांत झाली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगली पाण्याखाली असताना 12 तारखेला बकरी ईद आली. ती साधेपणाने झाली आणि कुर्बानीचे पैसे अनेकांनी पूरग्रस्तांकडे वळवले. 2020 च्या ईदला, 25 मे रोजी, पटांगणात कोणीच नव्हतं. टाळेबंदीत नमाज घरोघरी झाली, गळाभेट बंद, हस्तांदोलनही बंद. त्याच दिवशी शेजारच्या इचलकरंजीत आयजीएम रुग्णालयातल्या दहा खाटांच्या अतिदक्षता विभागाचं उद्घाटन झालं. त्यासाठीचे 36 लाख रुपये तिथल्या मुस्लिम समाजाने रमजानमध्ये गोळा केले होते. तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी हे उद्घाटन दुरून, पडद्यावरून केलं. कोल्हापुरात बैतुलमाल या मुस्लिम मदत कमिटीची पोरं कोरोनाने दगावलेल्यांवर अंत्यसंस्कार करत होती. मृताच्या धर्माच्या रीतीने, घरचे जवळ येऊ शकत नव्हते तेव्हा. त्या वर्षी शिरखुर्म्याची वाटी कमी लोकांना मिळाली, पण ईदचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

6 मे 2022 ला शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीनिमित्त सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं. ईद होऊन तेव्हा तीनच दिवस झाले होते. आणि पुढच्याच वर्षी, 7 जून 2023 ला, मोबाइलवरच्या स्टेटसवरून याच शहरात दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. त्या आधीच्या ईदला गळाभेटी झाल्याच होत्या, मग त्यांचा उपयोग काय, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. शुभेच्छांनी दंगल थांबत नाही. 14 जुलै 2024 ला विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात घरं आणि मशीद फोडली गेली, तेही शुभेच्छांना थांबवता आलं नाही. दगड मारणारा आणि ईदला पटांगणात येणारा हे बहुतेक वेळा वेगळे लोक असतात, हीच तर अडचण आहे.

फरक पडतो तो दुसऱ्या दिवशी. 25 जून 2023 ला शिव-शाहू सद्भावना फेरी निघाली, तेव्हा कोणी कोणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं होतं. तालमीच्या वस्तादाकडे बोर्डिंगच्या विश्वस्ताचा नंबर होता, कारण वर्षातून एकदा तरी ते एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिलेले असतात. गजापूरच्या लोकांना भेटायला छत्रपती घराण्यातले खासदार शाहू महाराज गेले, तेव्हा त्यांच्याकडे तिथल्या माणसांशी बोलायला राजर्षींच्या वेळेपासूनचं नातं होतं. अशी ओळख संकटाच्या दिवशी नव्याने करता येत नाही.

2026 चा पाडवा 19 मार्चला, आणि ईद त्याच आठवड्यात. शाळांच्या परीक्षांचे ते दिवस. पटांगण एक सकाळ नमाजेला लागणार, सोमवारी वर्ग भरणार आणि बोर्डिंगची पोरं पुन्हा घोकंपट्टीला बसणार. 1906 मध्ये संस्था काढली होती ती त्यासाठीच.