वेचणीच्या बाया आणि १९४२चे ठराव

अकोटच्या कापूसबाजाराचा इतिहास लिहिताना गाठी, भाव आणि जिनिंगचे मालक यांची नोंद होते. कापूस वेचणाऱ्या बायांची क्वचितच. वऱ्हाड-नागपूरकडच्या कष्टकरी स्त्रियांनी आपले म्हणणे स्वतः कोठे मांडले, हे पाहू गेल्यास आम्हांला १९४२च्या नागपुरात जावे लागते.

२० जुलै रोजी तेथे अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. परिषदेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहे मागितली. त्याच परिषदेत गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका व रेल्वे यांतील कामकरी स्त्रियांसाठी २१ दिवसांची किरकोळ रजा, दुखापतीची भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर दरमहा १५ रुपये निवृत्तिवेतन यांचीही मागणी झाली.

शाळा आणि रोजी यांचे ठराव एकाच मांडवात झाले, यातच आम्हांला त्यांचे मोल दिसते. आईच्या मिळकतीची शाश्वती नसली, की मुलीची शाळा आधी सुटते.

मात्र रजा मागायला हजेरीपट लागतो. वेचणीची मजुरी कापसाच्या वजनावर मिळते. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने पुढे बचत गट उभे केले; त्यांतून कर्जाची वाट मोकळी झाली. आजारपणात बुडालेल्या मजुरीचे काय? त्या ठरावाला शेताचा धुरा अजून ओलांडायचा आहे.