नवस, वर्गणी आणि एक शाळा

१८९२ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तिका छापली गेली. तिचं नाव मराठीत सांगायचं तर ‘बेने इस्राएलांच्या इतिहासाची रूपरेषा आणि त्यांच्या शिक्षणासाठी आवाहन’. लेखक हाईम सामुएल केहिमकर. आडनावातच गाव आहे : अलिबागजवळचं किहीम. पुस्तिका इंग्रजीत आहे, कारण ज्यांच्यापुढे हात पसरायचा होता ते वाचक मराठी नव्हते.

या शीर्षकातल्या ‘आणि’पाशी मी दर वेळी थांबतो. त्याच्या अलीकडे आहे ‘आम्ही कोण’ आणि पलीकडे आहे ‘आम्हाला काय हवं’. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने ‘शनवार तेली’ म्हटलेले, घरात मराठी बोलणारे हे लोक ज्यू आहेत, हे लंडनच्या ज्यूंना आधी पटायला हवं होतं. ते पटलं तरच शाळेसाठी पैसा मागता येणार होता. म्हणून देणगीच्या विनंतीपूर्वी वंशाची, सणांची, चालीरीतींची हकिकत आली. बेने इस्राएल समाजाचा इतिहास त्याच समाजातल्या माणसाने सविस्तर मांडला, तो वर्गणी गोळा करता करता. पुढे १८९७ साली केहिमकरांनी मोठा ग्रंथ लिहून पुरा केला. या समाजावर लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही त्याच ग्रंथाकडे यावं लागतं.

इतिहास लिहिणाऱ्याने इथे सावध व्हायला हवं. मदतीच्या आवाहनात गरज ठळक केलेली असते. सिनेगॉगच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीत देणारा मोठा दिसतो. संस्थेच्या वार्षिकात एकोपा दिसतो आणि भांडणं ओळींच्या मधे राहतात. या समाजाची गेल्या सव्वादोनशे वर्षांतली देणगी, वर्गणी आणि त्यासाठी भरलेले मेळावे यांची हकिकत जुळवायची तर हे तिन्ही प्रकारचे कागद एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात.

सुरुवात नवसापासून होते. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सामुएल एझकिएल दिवेकर, कंपनीच्या फौजेत हुद्देदार होते. म्हैसूरच्या लढाईत ते टिपूच्या कैदेत सापडले. आपण ‘बनी इस्राएल’ आहोत हे त्यांनी सांगितलं, कुराणातलं ते नाव टिपूच्या आईने ओळखलं आणि जीव वाचला, अशी समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी कथा आहे. सुटलो तर देवाचं घर बांधीन, असा त्यांनी नवस केला होता. कैदखान्यातली कथा आख्यायिका म्हणून घ्यावी. नवसाचं फळ मात्र मुंबईत उभं आहे. १७९६ साली सुरू झालेलं ‘शआर हारहमीम’ हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. बेने इस्राएल लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव याच ‘मशिदी’वरून पडलं असं सांगतात. शेजारची सॅम्युएल स्ट्रीट दिवेकरांच्या नावाची. नव्या सिनेगॉगसाठी तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या आणायला ते कोचीला गेले आणि १७९७ साली तिथेच वारले.

हा पैसा एका माणसाचा होता. इमारत उभी राहिली की प्रश्न येतो तेलवातीचा, दुरुस्तीचा, प्रार्थना चालवणाऱ्या हजानच्या पगाराचा. तो खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा असतो. त्यासाठी जी मंडळी राबत, त्यांची पदं सांगताना कोकणातल्या गावगाड्याची भाषा आणि हिब्रू शब्द एकाच दमात येतात : मुकादम, चौगुला, गब्बाय, काजी, हजान, समाश. मुकादम आणि चौगुला पाटलाच्या चावडीवरून आलेले. गब्बाय म्हणजे खजिनदार, समाश म्हणजे सिनेगॉगचा सेवक, हे शब्द हिब्रू. पैशाच्या जमाखर्चासाठी हिब्रू पद आणि माणसं सांभाळण्यासाठी मराठी पद, ही वाटणी मला बोलकी वाटते.

गब्बायचं काम सोपं नव्हतं. शनिवारी, शब्बाथच्या दिवशी, ज्यू माणूस पैशाला हात लावत नाही आणि लेखणीही उचलत नाही. सगळा समाज एकत्र येतो तो नेमका याच दिवशी. तोरा वाचनासाठी ज्याला मानाने पुढे बोलावलं जाई, तो आपल्या देणगीचा आकडा तोंडाने सांगे. थैली उघडायची नाही, वही काढायची नाही. सूर्य मावळून आकाशात तारे दिसेपर्यंत तो आकडा फक्त माणसांच्या स्मरणात राहायचा. ज्याने शब्द दिला त्याच्या, गब्बायच्या आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या. जमाखर्चाच्या वहीत पडलेल्या एकेका ओळीमागे असा एक दिवस असतो. त्या दिवशी लेखी पुरावा कसलाच नव्हता आणि साक्षीदार मात्र सभागृहभर होते. वर्गणी बुडवणं कठीण का होतं, हे वहीपेक्षा या रिवाजावरून जास्त कळतं.

सिनेगॉगबाहेरचा मेळावा म्हणजे मलिदा. लग्न, नवं घर, परीक्षेतलं यश, आजारातून उठणं, प्रवासाहून सुखरूप येणं, कुठल्याही निमित्ताने एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने तो केला जातो. मोठ्या ताटात भिजवलेल्या पोह्यांची रास असते. त्यात गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. भोवती फळं मांडलेली, वासासाठी सब्जाची पानं किंवा गुलाब. एलियाहूचं गाणं होतं, फळ, धान्य, सुगंध यांवरचे वेगवेगळे आशीर्वाद म्हटले जातात आणि मग ताटातलं सगळं वाटलं जातं. कोणी किती दिलं याची मलिद्यात नोंद नसते, आणि हजर असलेल्याला वाटा मिळाल्याशिवाय तो पुरा होत नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. तिथे माणसं नवस फेडायला आजही जातात. कागदांत न सापडणारा दानधर्म अशा ताटांवर झाला आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे कागद वाचावेत.

ते कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दाट होतात. मुंबईत मिशनरी शाळा होत्या, जॉन विल्सन यांच्यासारखे मिशनरी बेने इस्राएल मुलांना जवळ करत होते, हिब्रूही शिकवत होते. मुलं शिकत होती, पण आपला धर्म त्यांना दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावा लागत होता. १८५३ साली केहिमकरांनी भावांच्या साथीने एक परोपकारी मंडळी काढली. तेव्हा ते जेमतेम तेवीस वर्षांचे. ज्यासाठी ती धडपड होती ती इस्राएलाइट स्कूल उघडायला १८७५ साल उजाडलं. मधली बावीस वर्षं एका ओळीत ओलांडू नयेत. एका लहान समाजातल्या, मुख्यतः नोकरदार आणि कारागीर कुटुंबांनी सिनेगॉगचा खर्च उचलून, लग्नकार्यं करून वर शाळेसाठी बाजूला काढलेला पैसा या बावीस वर्षांत आहे.

शाळा उघडली तरी ती चालवायला स्थानिक वर्गणी पुरेना. लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेल्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनकडून मदत येऊ लागली, आणि या मदतीमुळे नव्या तऱ्हेचे कागद तयार झाले. हजान आणि मुकादम यांच्यापुढे तोंडी शब्द पुरत होता. साता समुद्रापलीकडच्या समितीला पटसंख्या लागते, परीक्षेचा निकाल लागतो, खर्चाचा तपशील लागतो. १८९२ ची पुस्तिका याच देवघेवीतून आली. तिच्यातली गरिबी वाचताना ती लंडनच्या वाचकासाठी मांडली आहे हे विसरू नये. पण शेजारी १८५३ आणि १८७५ ही सालं ठेवली की दुसरी बाजूही दिसते. हे आवाहन छापलं तेव्हा हे लोक स्वतः चार दशकं देत आले होते.

त्याच दशकांत या समाजाने एकत्र जमण्याची एक नवी रीत उचलली, आणि ती उचलली मराठी मातीतून. १८८० साली मुंबईत बेने इस्राएलांचं कीर्तनोत्तेजक मंडळ निघालं. साल आणि नाव दोन्हींकडे नीट पाहावं. याच वर्षी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. पुण्यात वक्तृत्वोत्तेजक सभा आधीच होती, मुंबईत पारशांची गायन उत्तेजक मंडळी होती. ‘उत्तेजन’ म्हणजे आश्रय, मदत, प्रोत्साहन, आणि अशी मंडळी चार जणांच्या वर्गणीवर आणि वेळावर उभी राहत. बेने इस्राएलांनी हा साचा जसाच्या तसा घेतला. आख्यानाला अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर. चाली साकी, दिंडी, आर्या, ओव्यांच्या. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांसारख्यांनी अशी कीर्तनं रचली आणि केली. हिब्रू प्रार्थना ज्या बायकांना आणि मुलांना समजत नव्हत्या, त्यांना तोरातल्या कथा पहिल्यांदा सलग कळल्या त्या अशा रात्री. जोसेफ एझकिएल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणण्याचं काम केलं, १८७४ साली पुण्यात मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. छापील पुस्तक घरात पोचायला विकत घ्यावं लागतं. कीर्तनाला येऊन बसलं की झालं.

विसाव्या शतकात बायका पुढे आल्या. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांचं सेवासदन सुरू झालं होतं. १९१३ साली मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ निघालं. या पिढीचा सर्वांत मोलाचा कागद मात्र एका बाईंनी संपादित केलेलं वार्षिक आहे. रिबेका रूबेन १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. त्यांच्या संपादनाखाली १९१७ पासून बेने इस्राएलांचं वार्षिक निघू लागलं. समाजाच्या संस्था, त्यांची कामं, माणसं यांची एका ठिकाणी नोंद व्हावी, ही त्यामागची तळमळ. ज्याला पुढे इतिहास लिहायचा आहे त्याची सोय या बाईंनी करून ठेवली.

१९१७ सालीच बेने इस्राएल परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी वेगळ्या मताच्या मंडळींनी ऑल इंडिया इस्राएलाइट लीग काढली. धोरणावरून मतभेद होते. समाज काही हजारांचा, कार्यकर्ते थोडे, आणि तेच हात दोन मांडवांत वाटले गेले. १९२० च्या दशकात दोन्हींचा जोर ओसरला. शाळा मात्र थांबली नाही. रूबेनबाई १९२२ पासून १९५० पर्यंत तिच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्याच कारकिर्दीत सर एली कदूरी यांच्या देणगीने शाळेला माझगावात इमारत मिळाली आणि कदूरी हे नावही मिळालं.

याच काळात मुंबईत देवघेवीची दिशा उलटी झाली. हिटलरच्या जर्मनीतून सुटून आलेल्या ज्यूंसाठी १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. हे निर्वासित सरकारवर भार होणार नाहीत, अशी हमी तिला द्यावी लागे. मुंबईच्या ज्यूंनी एका शाळेसाठी युरोपातल्या ज्यूंपुढे अर्ज ठेवला होता, त्याला अर्धशतकही झालं नव्हतं.

केहिमकरांचा मोठा ग्रंथ हस्तलिखितातच राहिला होता. तो १९३७ साली तेल अवीवमध्ये छापला गेला. संपादन इमॅन्युएल ओल्सवँगर यांचं, ज्यांनी पुढे भगवद्गीता हिब्रूत नेली. लिहून पुरा झाल्यापासून छापायला चाळीस वर्षं लागली. त्या पुस्तकासाठी कोणी वेळेवर वर्गणी जमवली नाही, हे मला आजही लागतं. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांसाठी पैसा मागितला, त्याचा स्वतःचा ग्रंथ हस्तलिखितातच पडून राहिला.

शाळा चालू आहे. बेने इस्राएल कुटुंबं मोठ्या संख्येने इस्रायलला गेली. तिथे मराठी टिकावी म्हणून ती ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक चालवत आली आहेत, म्हणजे वर्गणी तिथेही आहे. माझगावच्या वर्गांत आज बसणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत. १८९२ च्या पुस्तिकेत केहिमकरांनी ज्या मुलांसाठी मागितलं ती ही मुलं नव्हेत. पण त्या मागण्यातून जे उभं राहिलं ते आता यांच्या वाट्याला आलं आहे. मलिद्याच्या ताटाचा नियम तोच आहे : जो हजर आहे, त्याला वाटा.