शेवटचं गाणं कापलंय

तर मंडळी, झालं असं की मागच्या वर्षी आमच्या भाच्याने (दादाचा मुलगा, मुक्काम पुणे) एक एलपी विकत घेतली. मोठी, काळी, चक्क तबकडी. क्वीन या ब्रिटिश बँडची ‘ग्रेटेस्ट हिट्स’. किंमत त्याने सांगितली नाही आणि दादाने विचारली नाही, म्हणून घरात शांतता आहे :) मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “आत्या, ही तुमच्या पिढीसाठी घेतली. खरे क्वीनवाले ही ऐकत नाहीत. ते अख्खे अल्बम ऐकतात.”

खरं तर मला राग यायला हवा होता. पण मला एकदम वाशिमचं घर आठवलं, बैठकीतला टेप आठवला, आणि एक जुनं भांडण आठवलं. ते भांडण याच संचातल्या शेवटच्या गाण्यावरून झालं होतं. त्यावर लिहायचं केव्हापासून मनात होतं, आज मुहूर्त लागला.

आधी भाच्याची बाजू सांगते, कारण त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. हा संच ऑक्टोबर १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये निघाला. १९७४ ते १९८० या काळातली सतरा गाणी, सगळी मिळून जेमतेम ५८ मिनिटं. बँडच्या पहिल्या, १९७३ च्या अल्बममधलं एकही गाणं त्यात नाही. सतरापैकी दहा गाणी फ्रेडी मर्क्युरीची, पाच ब्रायन मेची, दोन जॉन डीकनची. ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरचं एकही नाही! त्याचं ‘रेडिओ गा गा’ १९८४ चं, ते १९९१ च्या दुसऱ्या संचात आलं. म्हणजे नुसता हा पहिला संच ऐकणाऱ्याला वाटणार, की रॉजरने कधी लेखणी उचललीच नाही. शिवाय देशोदेशी यादी वेगळी. अमेरिकेतल्या १९८१ च्या संचात ‘अंडर प्रेशर’ होतं, ब्रिटनच्या संचात नव्हतं. गाण्यांना काळाचा क्रमही नाही. पहिलं १९७५ चं, दुसरं १९८० चं, तिसरं १९७४ चं. आम्ही मात्र ती एकाच सिनेमाची गाणी असावीत तशी त्याच क्रमाने ऐकली. आजही एक संपलं की पुढच्याची सुरुवात डोक्यात आपोआप वाजते.

आता आमची बाजू. गोष्ट १९९२ ची. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला तालुका होता (जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला). दादा अकोल्याला शिकत होता आणि शनिवारी छोट्या गाडीने, म्हणजे मीटरगेजने घरी यायचा. फ्रेडी जाऊन जेमतेम काही महिने झाले होते. तो २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, त्यामुळे होस्टेलवर सगळीकडे क्वीनच चालू होतं म्हणे. कोणाच्या तरी मुंबईच्या मावसभावाची कॅसेट दादाने एका दिवसाच्या बोलीवर आणली आणि वाशिममधल्या नेहमीच्या दुकानातून भरून घेतली. ज्यांनी कॅसेट ‘भरून’ घेतलेल्या नाहीत त्यांना सांगते : कोरी कॅसेट न्यायची, गाण्यांची यादी द्यायची आणि दोन दिवसांनी आणायला जायचं. क्वीनसाठी मात्र दुकानदारकाकांनी त्याच रात्री बसून काम केलं, कारण मूळ कॅसेट सकाळच्या गाडीने परत जायची होती.

अख्खे अल्बम ऐकायचे म्हणे! अरे बाबा, आमच्याकडे बँड आला तोच साठ मिनिटांच्या एका कॅसेटमध्ये. ना फोटो, ना नावं. काकांनी कव्हरवर निळ्या पेनाने लिहिलेलं ‘क्वीन – इंग्लिश’, बस्.

पण मतं मात्र प्रत्येकाची होती. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ सुरू झालं की आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “काय बाप्पा, हे गानं एका जाग्यावर बसतच नाही!” मग दोन-चारदा ऐकल्यावर तिने निकाल दिला, की हे कीर्तनासारखं आहे. आधी पूर्वरंग, मग आख्यान, मध्ये टाळकऱ्यांचा गलका आणि शेवटी सगळं शांत. पावणेसहा मिनिटांहून मोठ्या त्या गाण्याचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठे वाचलेलं नाही. त्यात ‘बिस्मिल्ला’ येतं तेव्हा शेजारच्या चाचांनी खिडकीतून विचारलं होतं, “ये कौनसी कव्वाली है?” बाबांचं मत ‘वुई विल रॉक यू’वर : यात वाजवणारे कुठे गेले? (बरोबरच होतं त्यांचं. शेवटची गिटार येईपर्यंत त्यात नुसतं पाय आपटणं, टाळ्या आणि आवाज.) मला ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ आवडायचं, कारण त्यातलं इंग्रजी मला कळायचं. लाइट गेली की टेपमध्ये सेल टाकायचे आणि सेल उतरत आले की फ्रेडीचा आवाज आमच्या गणिताच्या सरांसारखा जाड व्हायचा.

आणि दादा? दादाचं लाडकं शेवटचं गाणं, ‘वुई आर द चॅम्पियन्स’. तिथेच माशी शिंकली.

आमच्या कॅसेटवर ते गाणं मध्येच तुटायचं. म्हणजे आवाज चढत चढत जातो, आता शेवटचे शब्द येणार म्हणून आपण श्वास रोखतो, आणि संपलं. पुढे नुसती खरखर. मग होस्टेलवर दादाने १९८५ च्या लाइव्ह एड मैफलीची कोणीतरी उतरवलेली व्हिडिओ कॅसेट पाहिली. त्यात फ्रेडी ते शब्द खणखणीत म्हणून गाणं पुरं करतो. झालं. दादा तडक दुकानात गेला आणि म्हणाला, “काका, तुम्ही शेवटचं गाणं कापलं.”

काका म्हणाले, सुई खाली पडेपर्यंत मी मशीनसमोर बसलो होतो, अख्खं भरलं. दादा म्हणाला, साठची कॅसेट, दोन बाजूंचा हिशेब चुकला असणार, कबूल करा. आवाज वाढले, दोन गिऱ्हाईकं उठून गेली. शेवटी काकांनी गल्ल्यातून वीस रुपये काढून काउंटरवर ठेवले, आणि दादाने ते उचलले.

हे इतक्या तपशिलाने सांगते आहे कारण ते दुकान साधं दुकान नव्हतं. दादा दहावीपासून रोज संध्याकाळी तिथल्या स्टुलावर बसायचा. गुलाम अली त्याने तिथे ऐकला, कुमार गंधर्व तिथे ऐकले, बीटल्ससुद्धा तिथेच. त्या दिवसानंतर तो त्या रस्त्यानेच जाईना. वाशिमसारख्या गावात एक रस्ता टाळून राहणं सोपं नाही हो, पण त्याने तीस वर्षं ते केलं.

मधल्या काळात काय काय झालं! फ्रेडी मूळचा फारोख बलसारा, १९४६ साली झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेला, हे आम्हाला फार उशिरा कळलं. १९५५ च्या सुमारास, आठ वर्षांचा असताना तो तिथे आला. शाळेत पाच पोरांचा ‘हेक्टिक्स’ नावाचा बँड होता, त्यात तो पियानो वाजवायचा. मुख्य गाणारा होता ब्रूस मरे, फ्रेडी नव्हे! १९६३ मध्ये तो झांझिबारला परतला, १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. हे कळल्यावर आमच्या नातेवाइकांत एकदम ‘आपला माणूस’ सुरू झालं. मला ते जरा ओढूनताणून वाटतं. पाचगणीचं होस्टेल आणि आमचं वाशिम यांत काय साम्य? मुलाखतींतही तो त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नसे. पण आई म्हणाली, “आठ वर्साचं लेकरू बोर्डिंगात टाकलं होतं व्हय?” आणि त्यानंतर तिने त्या टेपला नाव ठेवलं नाही. असो.

२००३ मध्ये मी नागपूरला नोकरीला लागल्यावर पहिल्या पगारात सीडी घेतली. तीच सतरा गाणी. शेवटपर्यंत ऐकली आणि पोटात गोळा आला. तिथेही गाणं तसंच, अधांतरी संपतं! पहिल्या ध्रुवपदानंतर येणारे ते शब्द शेवटच्या खेपेला येतच नाहीत. स्टुडिओत ते तसंच ध्वनिमुद्रित झालंय, १९७७ साली. मैफलीत मात्र तो ते शब्द गायचा, म्हणून जगभरच्या लोकांना ते गाणं पुरं झालेलं आठवतं. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, “सीडी काय, कॉपीच असते.” आणि विषय बदलला.

ब्रिटनमध्ये या संचाचा खप २०१४ मध्ये साठ लाखांवर गेला आणि २०२२ मध्ये सत्तर लाखांवर. तिथला तो सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे. एवढ्या लोकांच्या घरी गाणं तुटलेलंच आहे, हे मी दादाला तेव्हाही सांगून पाहिलं. उपयोग शून्य.

म्हणून भाच्याचा फोटो आला तेव्हा मी वाद घातलाच नाही. एवढंच लिहिलं, “दिवाळीला येताना शेवटचं गाणं तबकडीवरून मोबाइलमध्ये भरून आण. सुई उठेपर्यंत.”

त्याने आणलं. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दादाने ते तीनदा ऐकलं. सुई उठल्याचा आवाजही त्यात होता. मग काही न बोलता चप्पल घातली. मी आणि भाचा मागे.

दुकान तिथेच आहे. कॅसेट गेल्या, सीडी गेल्या, आता मोबाइलची कव्हरं आणि काचा लावून मिळतात. काका आत खुर्चीत बसलेले, काम मुलगा बघतो. दादाने नाव सांगितलं. त्यांना भांडण आठवत होतं, गाणं अजिबात नाही. दादाने खिशातून वीस रुपये काढून काउंटरवर ठेवले आणि म्हणाला, “काका, तुम्ही बरोबर होता.” पुढचं त्याला बोलता येईना, म्हणून भाच्याने मोबाइलवर गाणं लावलं.

काकांनी डोळे मिटून पुरतं ऐकलं. संपलं तरी थोडा वेळ वाट पाहिली. मग डोळे उघडून दादाकडे बघत म्हणाले, “अरे बाप्पा, हे तं अजूनबी तुटेलच हाये!”